कोणता जवान?

राष्ट्रध्वज जाळणे हा गुन्हा असावा काय, असा प्रश्न वर्गात निघाला की चर्चा फार काळ चालत नाही. कोणीतरी उठून विचारतो, 'सीमेवरचे जवान यासाठी मरतात काय?' आणि सारा वर्ग गप्प होतो. आम्ही मराठीचे अध्यापक. आम्हीही पुष्कळदा गप्प बसलो आहोत. तथापि जवानाचे नाव घेऊन वाद मिटविणे हा युक्तिवाद नव्हे. ती युक्तिवादाला दिलेली बगल आहे.

हा वाद अमेरिकेत कसून लढला गेला. १९८४ साली डॅलस येथे रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी ध्वज जाळल्याबद्दल ग्रेगरी ली जॉन्सन यास एक वर्षाची कैद ठोठावण्यात आली. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा घटनाबाह्य ठरविली. त्याच वर्षी संसदेने केलेला नवा कायदाही १९९० मध्ये रद्दबातल झाला. मग घटनादुरुस्तीचे प्रयत्न सुरू झाले, आणि तेही सैनिकांच्या नावाने!

सैनिकांचे म्हणणे तरी एक होते काय? बॉब डोल आणि डॅनियल इनौये हे दोघे एप्रिल १९४५ मध्ये इटलीच्या रणांगणावर घायाळ झाले. डोल यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. इनौये यांचा उजवा हात कापावा लागला. मिशिगनमधील एकाच लष्करी रुग्णालयात दोघांवर उपचार झाले आणि पुढे दोघेही सिनेटर झाले. डोल यांनी घटनादुरुस्तीचा पुरस्कार केला. इनौये यांनी विरोध केला. २००६ साली सिनेटमध्ये ती अवघ्या एका मताने पडली, तेव्हा विरोधातील ३४ मतांत त्यांचेही मत होते. इनौये जपानी वंशाचे. त्याच महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबले होते. निष्ठेची सक्ती म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आता यांपैकी कोणाची जखम प्रमाण मानावयाची? जखम आदरास पात्र असते. तिच्यातून कायदा निघत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. अमेरिकेची असो वा भारताची, ध्वजसंहिता सांगते की जीर्ण ध्वज सन्मानपूर्वक नष्ट करावा, शक्यतो जाळूनच. म्हणजे ज्वाला तीच, कापडही तेच. शिक्षा होते ती केवळ अर्थाला. प्रतीकाचा एकच अर्थ सरकारने ठरवून द्यावा, हे कवितेच्या तासाला आपण क्षणभर तरी सहन करू काय?

आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने या कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तो कायदा आम्ही पाळतो. त्याची चिकित्सा करण्याचा हक्क मात्र सोडत नाही. ध्वज जाळणे आम्हांस मुळीच रुचत नाही. परंतु न रुचणाऱ्या अभिव्यक्तीलाच संरक्षणाची गरज असते. रुचणारीला कोण अडवितो?

तेव्हा पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला, तर आम्ही गप्प बसणार नाही. नम्रपणे एवढेच विचारू : कोणता जवान?