आधी कॉक तपासा, मग पंप खोला

दोन डिझेल इंजिनांच्या लाँचचे एक इंजिन अधूनमधून बंद पडू लागले की मालक थेट पंप खोलायला लावतात. आमच्या मते हा उलटा खर्च आहे. टाकी बदलण्याच्या कॉकमधील रबरी रिंग झिजली की इंजिन तिथून हवा ओढते. बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही. म्हणून प्रथम कॉक वगळून स्वच्छ कॅनमधून इंजिन चालवावे. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी. नीट चालले, तर दोष कॉक, नळी किंवा टाकीकडे. नवा कॉक बसवताना येणाऱ्या व परतीच्या नळ्यांवर खुणा कराव्यात. परतीचे डिझेल भरलेल्या टाकीत गेले तर ती ओसंडते. शेवटी लाइनमधील हवा काढावी.

मालकांनी दोष शोधण्याचीही मजुरी द्यावी. पैसे फक्त सुट्या भागांवर सुटणार असतील, तर मिस्त्री पंपच खोलणार!