समीक्षेचा कात्रजचा घाट

१६६३ मध्ये शाइस्तेखानावर छापा घालून शिवाजीमहाराज सिंहगडाकडे निघाले, तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना मशाली बांधून ते सोडण्यात आले आणि मोगल फौज त्या उजेडामागे धावली, अशी आख्यायिका आहे. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार मराठीला मिळाला तो तिच्यातून. या वाक्प्रचारात फसवणारा आणि फसणारा हे दोन पक्ष वेगळे असतात. परिवर्तनवादी शाहिरीच्या संदर्भात मराठी समीक्षेने मात्र मशालीही स्वतःच बांधल्या आणि त्यांच्यामागे धावलीही तीच.

ही मशाल म्हणजे ‘विद्रोह’ ही संज्ञा. तिच्याभोवती जमलेली विशेषणे पाहावीत : धगधगता, ज्वलंत, पेटता, अंगार ओकणारा. सारीच अग्नीच्या गोत्रातली. ही भाषा वरवर गौरवाची असली तरी तिच्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. जे पेटते ते विझते. म्हणून पहिल्या भडक्यानंतर कलावंत जे काही करील ते निखारे किंवा राख. कलावंताच्या दुसऱ्या पर्वाचा विचार करण्याची सोयच या रूपकात नाही. ‘गोलपिठा’ (१९७२) हा नामदेव ढसाळांचा मानदंड ठरवून ‘खेळ’ (१९८३) सारख्या नंतरच्या संग्रहाकडे ओहोटीचा पुरावा म्हणून पाहण्याची सवय याच रूपकाने लावली. अण्णा भाऊ साठे त्यातून बचावले, कारण लाल बावटा कलापथकानंतर ते कादंबरीकडे वळले आणि ‘फकिरा’ (१९५९) साठी समीक्षेजवळ निराळे खण तयार होते. शाहीर शाहीरच राहिला आणि त्याने केवळ पथक बदलले, तर त्याला ठेवायचे कुठे, हा प्रश्न समीक्षेला पडतच नाही.

या संदर्भात पुण्याचेच उदाहरण घेता येईल. कबीर कला मंच २००२ च्या गुजरात दंगलींच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला. २०११ मध्ये नक्षलवादी संबंधांच्या आरोपावरून अटका झाल्या, काही कलावंत भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधानभवनासमोर प्रकट झाले. त्या कृतीला त्यांनी शरणागती न म्हणता सत्याग्रह म्हटले. साठे यांना गरोदरपणात, जून २०१३ मध्ये, उच्च न्यायालयाने जामीन दिला. माळी यांना तो मिळण्यास जानेवारी २०१७ उजाडला आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. पुढे मूळ मंचापासून वेगळे होऊन या दोघांनी ‘नवयान महाजलसा’ हे पथक उभे केले.

याविषयी सामान्यतः दोनच प्रतिक्रिया संभवतात. एक, धार गेली. दोन, शहाणपण आले. दोन्हींमध्ये गाण्याचा विचार नाही. वस्तुतः पथकाचे नावच वाचावे इतके बोलके आहे. ‘मंच’, ‘कलापथक’ हे शब्द डाव्या सांस्कृतिक आघाडीच्या कोशातले. ‘जलसा’ हा सत्यशोधकांचा आणि त्यांच्यामागून आलेल्या आंबेडकरी जलसाकारांचा. तमाशाची चौकट उचलून तिच्यातला आशय उलटवणाऱ्यांचा. ‘नवयान’ १९५६ च्या धम्मदीक्षेशी जोडलेला. म्हणजे येथे पूर्वसूरी बदलले आहेत, किंवा अधिक काटेकोरपणे, पूर्वसूरींचा क्रम बदलला आहे. कारण कबीर हे बाबासाहेबांनी मानलेल्या तीन गुरूंपैकी एक. पहिल्या पथकाच्या नावातच दुसऱ्याचे बीज होते. असा परंपरेचा पुनर्विन्यास एखाद्या नवकवीने केला असता तर त्यावर प्रबंध झाले असते.

पाश्चात्त्य रॉकच्या इतिहासातला एक दाखला येथे उपयोगी पडेल. वॉशिंग्टनमधील ‘मायनर थ्रेट’ हे पंक पथक १९८३ मध्ये मोडले. त्यातला इयन मॅके आणि ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या दुसऱ्या पथकातले गाय पिचियोटो व ब्रेंडन कँटी अशा मुरलेल्या पंक वादकांनी जो लॅली याच्यासह ‘फुगाझी’ उभे केले. १९८७ मध्ये त्याचा पहिला कार्यक्रम झाला, २००३ पासून ते थांबलेले आहे. सुसाट, मिनिट-दीड मिनिटाच्या गाण्यांच्या जागी येथे थांबे आले, रेगेच्या वळणाचा जड खर्ज आला. तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या आसपास ठेवले गेले. श्रोत्यांत मारामारी सुरू झाली तर गाणे मध्येच थांबवले जाई. तेथील समीक्षेने या मंदावलेल्या लयीला थकवा म्हटले नाही. पहिल्या पथकाच्या वेगाचेच केलेले परीक्षण म्हणून तिच्याकडे पाहिले. दोन्ही उदाहरणांत साम्य आहे ते एवढेच, आणि भेद फार मोठा आहे : मॅकेसमोर बाजार होता, येथे तुरुंग होता. परंतु म्हणूनच येथील दुसऱ्या पथकाची लय, त्यातले एकल आणि समूहस्वरांचे नाते, निवेदन आणि गीत यांची वाटणी यांचे वाचन अधिक काळजीने व्हायला हवे.

हे वाचन समीक्षेने टाळले तरी ते व्हायचे थांबत नाही. जानेवारी २०१३ मध्ये मंचाच्या काही कलावंतांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने एखाद्या विचाराविषयीची सहानुभूती आणि बंदी घातलेल्या संघटनेतील सक्रिय सहभाग यांत फरक केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ज्योती जगताप यांचा जामीन नाकारला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेतील मंचाच्या सादरीकरणातले शब्द आणि सूचक उल्लेख तेव्हा विचारात घेतले गेले. न्यायनिर्णयाचे मूल्यमापन हा येथे विषय नाही. परंतु सूचन, उपरोध, अन्योक्ती, प्रयोगातल्या पात्राचे वाक्य आणि गाणाऱ्याचे स्वतःचे मत यांतील अंतर हे प्रश्न कोणत्या विद्याशाखेचे? ध्वनिसिद्धान्ताची पारायणे करणाऱ्या, वक्रोक्तीवर चर्चासत्रे भरवणाऱ्या मराठी विभागांचेच ना? कायद्याने शाहिरीची संहिता ओळीओळीने वाचली आणि वाङ्मयीन समीक्षेने तिला ‘धगधगती’ म्हणून नमस्कार केला.

नमस्कार करणे सोपे असते. त्यासाठी गाणे ऐकावे लागत नाही. पदव्युत्तर वर्गात रामजोशी आणि होनाजी यांच्या लावणीचे छंद मोजले जातात, अमर शेखांचे माहात्म्य सांगितले जाते, कारण त्यांची संहिता आता बदलणार नाही. जिवंत जलशाची संहिता प्रत्येक वस्तीत बदलते. श्रोता पाहून कडवे गळते, नवे जुळते. तिच्यासाठी पाठचिकित्सेची निराळी पद्धत घडवावी लागेल, ध्वनिमुद्रणे जमवावी लागतील, एकाच गीताचे मंचातील आणि महाजलशातील पाठ शेजारी ठेवून पाहावे लागतील. हे काम कात्रज-धनकवडी परिसरातल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगे आहे. ज्या वस्त्यांतून ही गाणी निघाली त्या त्याच्या बसच्या वाटेवर आहेत. त्याच्या मार्गदर्शकाने शोधनिबंधाच्या शीर्षकातून ‘विद्रोही’ हे विशेषण तेवढे काढू द्यावे.