संगणक आपला, किल्ली कोणाची?

घरातील संगणक सुरू होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी ग्राहकाच्या पदरी बहुधा एकच निकाल पडतो: मदरबोर्ड गेला, तो बदलावा लागेल, आणि बदलण्याचा खर्च पाहता नवा संगणक घेतलेलाच बरा. ग्राहक मान डोलावतो, कर्जाच्या हप्त्याची चौकशी करतो आणि जुने यंत्र माळ्यावर किंवा भंगारात जाते. या निकालाविरुद्ध अपील करण्याची वेळ आली आहे. कारण अशा असंख्य प्रकरणांत यंत्राचा एकही अवयव निकामी झालेला नसतो. बिघडलेला असतो तो केवळ एक मजकूर. आणि बिघडलेला मजकूर पुन्हा लिहिता येतो.

हा मजकूर म्हणजे बायॉस. मदरबोर्डवर नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. विजेची कळ दाबताच जे आदेश मिळाल्यावाचून यंत्र पुढे जाऊ शकत नाही, ते या चिपमध्ये साठवलेले असतात. स्मृती तपासा, कळफलक शोधा, डिस्क शोधा आणि मग कारभार विंडोज किंवा लिनक्सच्या हवाली करा, असा हा प्रातःकाळचा हुकूमनामा आहे. हल्लीच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या नव्या रचनेने घेतली असली तरी लोकव्यवहारात नाव बायॉसच राहिले आहे. हा मजकूर अद्ययावत करत असताना वीज गेली, चुकीची फाइल लिहिली गेली, किंवा चिप जीर्ण झाली, की हुकूमनामाच नाहीसा होतो. प्रोसेसर शाबूत, स्मृती शाबूत, डिस्कवरील मुलांचे निबंध आणि घरचे हिशेबही शाबूत. तरी यंत्र निःशब्द. ज्या राज्यात भारनियमन हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेथे अद्ययावतीकरणाच्या मध्यावर वीज जाणे ही काही कविकल्पना नव्हे.

यावर उपाय काय? तो गूढ नाही, हे कार्यकर्त्यांनी प्रथम समजून घेतले पाहिजे. आधी साधी कारणे वगळावीत: स्मृतीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवाव्यात, वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवावा, म्हणजे चुकीची मांडणी पुसली जाते. सेल काढल्याने मांडणी पुसते, मूळ आज्ञावली पुसत नाही. हा भेद न कळल्याने पुष्कळांचा गोंधळ होतो. त्यानंतर उत्पादकाने काही सोय ठेवली आहे का ते पाहावे. काही मदरबोर्डांवर पेन ड्राइव्हमधून थेट बायॉस लिहिणारी कळ असते. काहींवर दोन चिप असतात, एक बिघडली तर दुसरी कामाला येते. काही लॅपटॉप ठरावीक नावाची फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून ठरावीक कळा दाबल्या की स्वतःला सावरतात. हेही नसेल तर शेवटचा मार्ग बाहेरून लिहिण्याचा. काही शे रुपयांत मिळणारा प्रोग्रामर आणि एक चिमटा, एवढ्या सामग्रीवर चिपमधील मजकूर दुसऱ्या संगणकाने वाचता येतो व नव्याने लिहिता येतो. बहुतेक चिप ३.३ व्होल्टवर चालतात, काही १.८ वर, हे न पाहता जोडणी केली तर चिप जळू शकते. जुना मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती जुळतात का ते पाहून, जपून ठेवल्याशिवाय काहीही पुसू नये, कारण यंत्राचा अनुक्रमांक आणि अनेकदा विंडोजच्या परवान्याची खूणही त्याच चिपमध्ये असते. आणि डिस्क कूटबद्ध असेल तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवलेली असावी. नव्या बायॉसनंतर यंत्र ती मागू शकते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कामाने शहाणा झालेला कारागीर ही गोष्ट जाणतो. मग नवे यंत्र घ्या हा निकाल इतक्या सहजपणे का दिला जातो? याचे कारण तंत्रात सापडणार नाही. ते मालकीच्या संबंधात शोधावे लागेल. लिहायला प्रोग्रामर आहे, हात आहेत, कसब आहे. परंतु लिहायचा मजकूर कोठून आणायचा? अनेक कंपन्या संपूर्ण प्रत देत नाहीत. देतात ती केवळ चालू यंत्रातच उघडणारी अद्ययावत फाइल. म्हणजे पोहता येत असेल त्यालाच दोर फेकण्याचा हा प्रकार! बिचारा कारागीर मग त्याच नमुन्याच्या दुसऱ्या यंत्रातून काढलेली प्रत उसनवारीने मिळवतो. आपल्या १९५७ च्या लेखाधिकार कायद्याचे कलम ५२ वैध धारकाला आपल्या जवळच्या प्रतीवरून राखीव प्रत करण्याची मुभा देते. पण ज्याची एकुलती एक प्रतच नष्ट झाली, त्याने ती कशावरून करावी? प्रामाणिक कारागिराला चोरवाटेने जायला भाग पाडायचे आणि मग त्यालाच चोर म्हणायचे, ही मक्तेदारीची जुनीच रीत आहे.

हे सदैव असेच होते काय? नाही. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक माहितीपुस्तिकेत बायॉसची आज्ञावली ओळीन् ओळ छापलेली होती. विद्युत आराखडेही त्यात होते. आयबीएम ही काही धर्मादाय संस्था नव्हती. लेखाधिकार तिने राखूनच ठेवले होते. कॉम्पॅक या नव्या कंपनीला त्यामुळे मूळ मजकुराला हात न लावलेल्या वेगळ्या माणसांकडून स्वतःचा बायॉस लिहून घ्यावा लागला. परंतु यंत्र विकत घेणाऱ्याला त्याच्या अंतरंगाची माहिती असावी, एवढे तरी तेव्हा गृहीत होते. आज त्याच माहितीला व्यापारी गुपित म्हणतात.

मक्तेदारीच्या बाजूने जो सर्वांत भारदस्त युक्तिवाद केला जातो, तो सुरक्षिततेचा. बायॉस सहज लिहिता आला तर घातकी लोकही तो लिहितील, असे सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते आपण टाळता कामा नये. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर जागा झाला. विंडोज ९५ आणि ९८ वरील यंत्रांत त्याने डिस्कच्या आरंभीचा भाग नासवलाच, शिवाय अनेक मदरबोर्डांच्या बायॉसवर कचरा लिहून ती यंत्रे मुकी करून टाकली. पण त्या घटनेचा धडा कोणता? एक तर त्या काळी चिप बहुधा खोबणीत बसवलेली असे. ती उपसून, दुसरीकडे लिहून, परत बसवता येई, म्हणून ती यंत्रे वाचवता आली. दुसरे असे की, काही मदरबोर्डांवर लेखन बंद करणारी एक छोटी खीळ असे. ती लावणे न लावणे यंत्रधारकाच्या हाती होते.

कुलपाला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न किल्लीचा आहे. इंटेलने २०१३ च्या सुमारास आणलेल्या बूट गार्ड या व्यवस्थेत उत्पादकाच्या किल्लीची खूण चिपसंचात कायमची कोरता येते. ती एकदा कोरली की त्याची सही नसलेला बायॉस यंत्र स्वीकारत नाही. एएमडीच्या तशाच व्यवस्थेत प्रोसेसर एका कंपनीच्या मदरबोर्डशी असा बांधला जाऊ शकतो की तो दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डवर चालतच नाही. कंपनीने त्या नमुन्याकडे पाठ फिरवली की ग्राहकाला दुसरा आधार उरत नाही. याउलट क्रोमबुकच्या जुन्या नमुन्यांत लेखनबंदी एका स्क्रूवर अवलंबून होती. मालकाने यंत्र उघडून तो काढला की बंदी उठे. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९९९ मध्ये सुरू झालेला आणि आज कोअरबूट या नावाने चालणारा खुला प्रकल्प याच क्रोमबुकांत कामाला आला. तेव्हा सुरक्षितता आणि मालकाचा अधिकार एकत्र नांदूच शकत नाहीत, हे म्हणणे खरे नाही. चोरापासून रक्षण करण्याच्या नावाखाली घरमालकालाच उंबऱ्याबाहेर उभे करणे, याला पहारा म्हणत नाहीत.

आपल्यातीलही काही साथी विचारतील की, ही मध्यमवर्गीयांची कुरकुर नव्हे काय? नव्हे. श्रीमंताचा संगणक बिघडला तर तो दुसरा घेतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या एकाच यंत्रावर ज्या घरातील मुलीचा अभ्यास, भावाचा नोकरीचा अर्ज आणि बापाच्या रिक्षाचा विमा चालतो, त्या घराला हा निकाल महिन्याच्या पगाराएवढा पडतो. दुरुस्ती करणारा कारागीरही श्रमिकच आहे. माहिती दडवणे म्हणजे त्याच्या हातचे काम काढून घेणे. अमेरिकेतील शेतकरी आपल्याच ट्रॅक्टरच्या आज्ञावलीसाठी विक्रेत्याच्या दारात ताटकळतात आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघीय व्यापार आयोगाला जॉन डिअर कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले, ही बाब याच साखळीतील कडी आहे. शिवाय कचऱ्याचा हिशेब वेगळाच. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. बाकीचा कोणाच्या वस्तीत जाळला जातो, हे सांगण्याची गरज नाही.

आपल्या सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल उघडले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये या विषयावर निर्देश संमत केला; न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे केले. पोर्टल हा कायदा नव्हे, आणि कंपन्यांच्या सदिच्छेवर उभा असलेला हक्क हा हक्क नव्हे. म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत:

एक, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नमुन्याच्या बायॉसची संपूर्ण, लिहिण्याजोगी प्रत सार्वजनिक भांडारात जमा व्हावी आणि उत्पादकाने नमुना बंद केल्यावरही ती मिळत राहावी.

दोन, बायॉस बिघडल्यास कंपनीच्या मदतीवाचून सावरण्याची सोय प्रत्येक यंत्रात सक्तीची असावी.

तीन, लेखनबंदीची आणि सहीची अंतिम किल्ली यंत्राच्या मालकाकडे असावी.

चार, विद्युत आराखडे स्वतंत्र कारागिरांना खुले असावेत.

पाच, शाळा व सरकारी कचेऱ्यांच्या खरेदीत या अटी घातल्याशिवाय एकही निविदा मंजूर होऊ नये.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. प्रत्येक तालुक्यातील युनियन कचेरीत किंवा वाचनालयात एक प्रोग्रामर, एक चिमटा आणि तो वापरायला शिकलेले दोन तरुण असणे अशक्य नाही. आज चालू असलेल्या यंत्रांच्या बायॉसची प्रत आजच काढून ठेवावी. कलम ५२ ची मुभा प्रत शाबूत असेपर्यंतच उपयोगाची आहे. बंद पडलेले एक यंत्र लोकांसमोर पुन्हा सुरू झाले, तर दुरुस्तीच्या हक्कावरील दहा भाषणांचे काम ते करील. आणि ते पाहणारा माणूस पुढच्या वेळी मान डोलावणार नाही. तो विचारील, मजकूर माझ्या यंत्रातला आहे, मग तो मला का मिळत नाही?