माइक तिच्या हाती द्या

२६ जुलै, कारगिल विजय दिवस. शाळेत वीरपत्नीचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फोटो, झालं! भाषण पाहुण्यांचं. ती खुर्चीत गप्प. १९९९च्या त्या युद्धात आपले ५२७ जवान शहीद झाले, हे मुलांना पाठ असतं. पण बातमी आली त्या दिवशी घरात काय झालं, पुढं लेकरं कशी वाढवली, हे कोण सांगणार? मैत्रिणींनो, माइक तिलाच द्यावा, असं मला वाटतं. (तिची इच्छा असेल तरच हं!) ‘एकदा युद्ध होऊनच जाऊ दे’ म्हणणाऱ्या पोरांनी आधी तिचं ऐकावं, मग शांततेची प्रतिज्ञा घ्यावी. नुसत्या घोकलेल्या प्रतिज्ञेला काय अर्थ? येत्या पालकसभेत मी हे मांडणार आहे.