कॅसिटराइट: तुमच्या मदरबोर्डचा धागा जोडलेला असतो या दगडाशी

१३ मार्च २०२५ ला काँगोच्या पूर्वेकडची बिसी ही कथलाची खाण तात्पुरती बंद करावी लागली. एम२३ बंडखोर वालिकालेच्या दिशेने सरकत होते. जगातलं साधारण ६ टक्के कथील या एका खाणीतून येतं, त्यामुळे बाजारात भाव लगेच उसळला. एप्रिलमध्ये बंडखोर मागे हटले आणि काम टप्प्याटप्प्याने सुरू झालं. विषय संपला का? नाही.

आपला काय संबंध?

फोन असो वा सर्व्हर, बोर्डवरची चिप सोल्डरने जोडलेली असते. युरोपने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंधनं आणली. तेव्हापासून रूढ झालेल्या एका सोल्डरमध्ये ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं असतं. जगातलं जवळपास निम्मं कथील सोल्डरमध्येच जातं.

दगड कसा आहे?

कथलाचं मुख्य खनिज म्हणजे कॅसिटराइट, अर्थात टिन ऑक्साइड. शुद्ध रूपात त्यात वजनाने सुमारे ७९ टक्के कथील असतं. रंग तपकिरी ते काळा, चमक हिऱ्यासारखी, काठिण्य मोह्‌स मापावर ६ ते ७. घनता सुमारे ७, म्हणजे क्वार्ट्‌झच्या अडीचपटीहून जास्त. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने भलताच जड लागतो.

याच गुणांमुळे राजकारण घडतं. तो सहज झिजत नाही, विरघळत नाही. डोंगर झिजला की वाळू वाहून जाते, हा मात्र ओढ्याच्या तळाशी साचतो. मग फावडं, घमेलं आणि पाणी एवढ्यावर खाणकाम चालतं. जिथे यंत्र लागत नाही, तिथे बंदूकवाल्याला वसुली सोपी जाते. आज बिसीत यांत्रिक खाण आहे, पण त्याआधी तिथे हातानेच खोदकाम चालायचं आणि सशस्त्र गट त्यावर पैसा कमवायचे.

टॅगने प्रश्न सुटतो?

अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर कंपन्यांना अशा खनिजांचा उगम तपासावा लागतो. त्यासाठी पोत्यांना टॅग लावतात. पण टॅग पोत्याला असतो, दगडाला नाही. भट्टीत दहा ठिकाणचा माल एकत्र वितळला की कथील कुठलं, हे धातूकडे बघून सांगता येत नाही. डेटाबेस कितीही चांगला असला, तरी पहिली नोंद खोटी असेल तर पुढचं सगळं खोटंच.

त्यात म्यानमारच्या वा प्रदेशाने ऑगस्ट २०२३ मध्ये खाणकाम थांबवल्याने पुरवठा आधीच ताणलेला होता. सिस्टिम डिझाइनमध्ये आपण ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ शोधतो. हार्डवेअरच्या बाबतीत तो शोध डेटा सेंटरच्या दाराशी थांबवून चालणार नाही.