नुकसानीचा अंदाज आणि न्यायाची जबाबदारी

व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून भाव चढवले म्हणजे गिऱ्हाइकाचे नुकसान होते, हे कळण्यास पांडित्य लागत नाही; परंतु ते नुकसान किती रुपयांचे, असा प्रश्न न्यायासनापुढे येताच कायदेपंडित आणि अर्थशास्त्रज्ञ दोघेही अडखळतात, कारण जे घडले त्याची नोंद खातेवहीत असते, आणि संगनमत नसते तर जे घडले असते त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नसते.

या अडचणीचा सर्वांत समंजस विचार मला अमेरिकेतील एका जुन्या खटल्यात आढळतो. शिकागोतील जॅक्सन पार्क या चित्रपटगृहाच्या मालकांची फिर्याद अशी होती की, वितरक व बडे चित्रगृहचालक यांच्या संगनमतामुळे नवे चित्रपट आपल्याकडे इतरत्र दाखवून शिळे झाल्यावरच येतात. त्यांनी हिशेब दोन रीतींनी मांडला. शेजारचे एक चित्रपटगृह आकाराने तेवढेच, जागा व सोयी यांत उलट उणे, पण संगनमतातील एकाच्या ताब्यात असल्यामुळे चित्रपट आधी मिळवणारे होते. त्याच्या आणि आपल्या प्राप्तीतील तफावत त्यांनी दाखवली, आणि आपल्याच आधीच्या व नंतरच्या वर्षांतील प्राप्तीही ताडून दाखवली. अपिलाच्या न्यायालयाला हा पुरावा अपुरा वाटला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1946 साली तो निर्णय फिरवला आणि ज्याच्या अपकृत्यामुळे अचूक मोजमाप अशक्य झाले त्यालाच त्या अनिश्चिततेचा लाभ देता येत नाही, ज्यूरीने उपलब्ध पुराव्यावरून न्याय्य व वाजवी अंदाज करावा, असे ठरवले.

इंग्लंडमध्येही 2023 साली हेच घडले. युरोपातील मालमोटार उत्पादकांच्या 1997 ते 2011 पर्यंतच्या संगनमताबद्दल मालमोटारींचे गिऱ्हाईक असलेल्या रॉयल मेल व बीटी यांनी त्यांपैकी डाफ कंपनीवर दावा लावला होता. चलनाचा दर आणि 2008 ची मंदी यांचा परिणाम कसा वगळावा यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ भांडले, प्रतिवादीच्या तज्ज्ञाच्या मते भाव वाढलाच नव्हता. तरी तेथील न्यायाधिकरणाने स्वतःच्या विवेकाने वाढ 5 टक्के ठरवली.

आपल्याकडे स्पर्धा आयोग जो दंड करतो तो भारताच्या संचित निधीत जमा होतो, नाडलेल्याच्या हाती त्यातील छदामही पडत नाही. त्याच्यासाठी 2002 च्या स्पर्धा कायद्यात अपिलीय न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याचे कलम 53-एन आहे, पण त्याची वाट फार थोड्यांनी धरली. चलन-वायदे बाजारात राष्ट्रीय शेअर बाजाराने व्यवहारशुल्कच न आकारून वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल आयोगाने 2011 साली त्यास 55.5 कोटींचा दंड केला, आणि एमसीएक्स-एसएक्स या प्रतिस्पर्धी बाजाराने भरपाई मागितली ती सुमारे 856 कोटींची. ज्याचा जन्मच त्या शून्य शुल्काच्या काळात झाला, त्याने आपली पूर्वीची कोणती प्राप्ती ताडून दाखवावी? अशा वादीकडून पैपैचा हिशेब मागणे म्हणजे त्याला दाराबाहेर उभे करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशात संगनमताने नुकसान झालेच असे गृहीत धरून ते खोडण्याचा भार प्रतिवादीवर टाकला आहे. संसदेने तशीच तरतूद या कलमात करावी, आणि अपिलीय न्यायाधिकरणास अंदाजाने रक्कम ठरवण्याचा अधिकार निःसंदिग्ध शब्दांत द्यावा.