सूर्यास्तापूर्वीचे ताट

परदेशात स्थिरावलेल्या मुलाकडे आईवडील प्रथमच येणार असले की त्यांना काय काय दाखवायचे, याची यादी मुलगा आधीच करून ठेवतो. त्या यादीमागे प्रेम असते. आपण येथे येऊन काही मिळवले, हे त्यांनी पाहावे अशी इच्छाही असते. मात्र ही यादी स्थळांची असते, आईवडिलांच्या दिनक्रमाची नसते.

नाशिक जिल्ह्यातील एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा दुबईत त्याच व्यवसायात आहे. डिसेंबरात आईवडील महिनाभरासाठी त्याच्याकडे आले. दोघांचा चौविहार अनेक वर्षांचा. हिवाळ्यात तेथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे पाच वाजता ताट वाढलेच पाहिजे. मुलगा दुकान आवरून घरी येई तो साडेनऊला.

पहिल्या रविवारी वाळवंटातील सफर ठरली. दुपारी निघणे, वाळूच्या टेकड्यांवरून गाडीचे हेलकावे, मावळता सूर्य आणि अंधार पडल्यावर तंबूंच्या तळावर जेवण, असा तिचा क्रम असतो. आईवडिलांनी घरून आणलेले खाकरे गाडीतच खाल्ले, पाणी प्यायले आणि पच्चक्खाण घेतले. रात्री मांसाच्या शेगड्या पेटल्या तेव्हा ते दोघे धुरापासून दूर जाऊन बसले. आठ वर्षांच्या नातवाने विचारले, “आजी-आजोबा आपल्याबरोबर का जेवत नाहीत?” मुलाला उत्तर सुचले नाही. ज्या घरात तो वाढला, तेथे हा प्रश्नच कधी कोणाला पडला नव्हता.

पुढे बुर्ज खलिफा पाहायचे ठरले. ८२८ मीटर उंचीच्या त्या इमारतीच्या १२४ व्या मजल्यावर उभे असताना मुलाने वडिलांना एक गोष्ट सांगितली. २०११ च्या रमजानमध्ये तेथील धर्माधिकाऱ्यांनी सांगितले होते की, या इमारतीत ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा सोडण्यास दोन मिनिटे, तर १५० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे अधिक थांबावे. कारण उंचावरून सूर्य अधिक वेळ दिसतो. सूर्याचा इतका बारीक हिशेब ठेवणारे आणखीही कोणी आहेत, याचे वडिलांना समाधान वाटले. मग ते हळूच म्हणाले, “येथे सूर्य दोन मिनिटे उशिरा मावळतो खरा. पण बाळा, तू घरी येतोस तेव्हा तो मावळून चार तास झालेले असतात. पंधरा दिवस झाले, आपण एका पंगतीला बसलो नाही.”

मुलाने यादी बदलली. दोन संध्याकाळी दुकान भागीदारावर सोपवले. फिरणे सकाळी, नवकारशीनंतर सुरू झाले. एक दिरहम देऊन लाकडी अब्रा नावेतून सर्वांनी खाडी ओलांडली आणि देराच्या मसाला बाजारात गेले. तेथे वडिलांचा चेहरा खुलला. त्यांनी वेलदोडा सोलून दाण्याचा रंग पाहिला, भाव विचारला, घासाघीस केली. नातू प्रथमच आजोबांना व्यापारी म्हणून पाहत होता. पाचच्या आत सर्व घरी परतले. मुगाची खिचडी, कढी आणि दुधीची भाजी. पाच ताटे एकदम मांडली गेली.

मुलाचा चौविहार पुन्हा सुरू झाला, असे नाही. परंतु आईवडील परतल्यानंतरही रविवारी ते घर सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवते. वेळ झाली की नातू खिडकीतून सूर्य पाहून येतो आणि स्वयंपाकघरात वर्दी देतो.

आईवडिलांना परदेशी बोलावणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिकिटे काढताना तेथील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळाही लिहून घ्याव्यात. स्थळे त्यानंतर ठरवावीत. उंच इमारती पुढच्या वर्षीही तेथेच असतील. वृद्ध आईवडिलांसोबतच्या पंगती मात्र मोजक्याच उरलेल्या असतात.